तेविसावं नाव

मिरेल्लाने बाटली नेहमीसारखी आदळूनच काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "घे, तुझ्या सासुरवाडीची. लेबल नवीन काढलंय बघ त्यांनी." कोझिमो फझारीने आधी मान वर केली नाही. सकाळचे अकरा वाजले होते, मार्च संपत आला होता, आणि उत्तर इटलीतल्या आओस्ता शहरातल्या पोलाद कारखान्याच्या फाटकासमोरच्या या बारमध्ये त्या वेळी निवृत्त माणसं सोडली तर कुणी नसायचं. कोपऱ्यातल्या टेबलावर ओतेल्लो आणि एफिझिओ पत्ते पिसत बसले होते. दोघंही त्याच्याबरोबर चौतीस वर्षं त्याच फाटकातून आत गेलेले आणि त्याच फाटकातून बाहेर आलेले. ते बघत होते म्हणून त्याने बाटली हातात घेतली. पुढच्या बाजूला शाईने काढलेला डोंगर, डोंगरावर जिन्यासारख्या चढत गेलेल्या दगडी ताली, खाली वेर्लाजच्या उत्पादक सहकारी मंडळाचं नाव आणि वर्ष. त्याने बाटली फिरवली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ही वाईन डोंगरातल्या बावीस कुटुंबांच्या हातची आहे, आणि खाली ती बावीस नावं, रोमन अक्षरानुक्रमे. त्याने चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. कारखान्याने माणसं कमी केली त्या वर्षी फाटकावर यादी लागली होती, तेव्हा तो जसा सरळ आपल्या अक्षरापाशी गेला होता तसाच आताही गेला. द्यूक. त्याच्यानंतर एकदम ग्राँज. मध्ये काहीच नव्हतं. मग त्याने वरून सुरुवात केली, बियोनाझ, शार्रेर, एकेक नाव ओठांतल्या ओठांत. मग खालून वर. पेरोन होतं. ते त्याच्या मेहुण्याचं. फझारी नव्हतं.

"सापडलं का?" मिरेल्लाने विचारलं.

"दाखव की आम्हालाही," ओतेल्लो म्हणाला. "दर वर्षी सांगतोस, माझी द्राक्षं, माझी द्राक्षं. कुठाय तुझं नाव?"

"मीच नको म्हणून सांगितलं," कोझिमो म्हणाला. "आपल्याला नाही आवडत असला दिखाऊपणा."

"बरं केलंस," एफिझिओ पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाला. "उगाच बाटली फुटायची आणि लोकांच्या पायाखाली फझारी यायचा."

सगळे हसले. तोही हसला. बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना त्याच्या लक्षात आलं की हे खोटं किती सहज आलं तोंडातून. जणू कुणी तरी ते कधीच तयार करून जिभेखाली ठेवून दिलं होतं. छातीत नाही, पोटात नाही, कानांच्या मागे कुठे तरी जळत होतं. बस डेपोकडे चाललोय हे त्याला डेपोत पोचल्यावरच कळलं. याच डेपोत, तिकिटाच्या खिडकीमागे, लेओन्तीन बसायची. बत्तीस नंबरच्या भट्टीवर कामाला लागून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून तो जिथे काहीच काम नाही अशा गावांची तिकिटं काढायचा, तिथे उतरून पुढच्या बसने परत यायचा. सातव्या-आठव्या वेळेला ती म्हणाली होती, "आता फक्त आमचं वेर्लाज राहिलंय तुमचं बघायचं." त्या वाक्यात किती थट्टा होती आणि किती आमंत्रण, हे एकेचाळीस वर्षांत त्याला ठरवता आलं नव्हतं, आणि आता विचारायला ती नव्हती.

वेर्लाजला तो पहिल्यांदा गेला तो ऑक्टोबरचा महिना होता, द्राक्षतोडणीचा. सहा वर्षांचा असताना बापाचं बोट धरून कालाब्रियातून इथे आलेला मुलगा, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. दक्षिणेतून आलेल्यांना म्हणत तो 'खालचे' हा शब्द त्याच्या अंगावर शाळेच्या गणवेशासारखाच चढलेला होता. तरी त्याला वाटलं होतं की डोंगर वेगळा असेल. लेओन्तीनच्या वडिलांनी, आन्सेल्मने, नाव विचारायच्या आधी त्याच्या पाठीवर डाल चढवली. चाळीस किलो द्राक्षं, आणि वाट अशी उभी की समोरच्या माणसाच्या टाचा नाकासमोर येत. त्याने अकरा खेपा केल्या. बस कर असं कुणी म्हणालं नाही. पासिफीकने, तिच्या भावाने, हात मिळवला तो कामाचा हातमोजा न काढताच. आणि जेवायला बसल्यावर आन्सेल्म त्याच्या ग्लासात वाईन ओतत द्राक्षांच्या जाती समजावत बसला: पेती रूज एकटी हलकी पडते, फ्युमें एकटी कडवट, मायोले लवकर पिकते आणि लवकरच ढेपाळते, इथल्या थंडीत एकेकटी कुणीच कामाची नाही, म्हणून आम्ही सगळ्या एका टाकीत घालतो. म्हातारा चांगला होता, किंवा वयामुळे वाईट व्हायला दमला होता. तो बोलत असतानाच पासिफीक पलीकडून आईला त्यांच्या डोंगरी बोलीत म्हणाला, "खांदे बरे आहेत. लाकडं वाहायला ठेवून घेऊ याला." कोझिमोला ते अक्षरन् अक्षर कळलं. भट्टीवर त्याच्या पाळीतली निम्मी माणसं डोंगरातलीच होती; दोन हिवाळ्यांत ती बोली त्याच्या कानांत मुरली होती. पण तो ब्रेड मोडत राहिला, चेहरा कोरा ठेवून. त्या क्षणी त्याने ठरवलं की आपल्याला कळतं हे कुणाला सांगायचं नाही. लेओन्तीनलाही नाही. मग एकेचाळीस वर्षं तो त्यांच्या टेबलांवर, बारशांत, मयतांत, तोडणीच्या जेवणांत, बहिऱ्यासारखा बसून ऐकत आला. प्रत्येक वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. कुठल्या वर्षी, कुठल्या सणाला, कोण काय म्हणालं. इतरांकडे जमिनी होत्या, याच्याकडे हे होतं.

बस दोरा नदीच्या काठाकाठाने वर चढत होती. उन्हाच्या बाजूच्या ताली कोरड्या, करड्या. छाटलेल्या वेली अंगावरचं मांस काढून घेतल्यासारख्या. लेओन्तीन अकरा आठवड्यांत गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग. शेवटच्या दिवसांत ती त्याच्याशी त्यांच्या संसाराबद्दल काही बोलली नाही, वेलींबद्दल बोलली. दोन डोळे ठेवायचे, दुसऱ्याच्या वर कापायचं, तिरकं, म्हणजे पाणी साचत नाही, पांघरुणावर बोटाने फांद्या काढून दाखवायची, आणि त्याने 'हो' म्हटलं की पुन्हा विचारायची, "काय सांगितलं मी?" त्याला त्या वेलींचा संताप यायचा. तिच्याकडे उरलेला वेळ त्या खाऊन टाकत होत्या. ती गेल्यावर तिच्या वाट्याचा मळा विकून मोकळं व्हायचं हे त्याचं पक्कं होतं. पण स्मशानाच्या फाटकापाशी, फुलं अजून माणसांच्या हातांत होती, तेव्हा पासिफीक शार्रेरला बोलीत म्हणाला, "खालचा आता टाकून देईल सगळं. वर्षभरात झुडपं वाढतील." बस्स. तेवढ्यावर कोझिमोने दोन वर्षं काढली. आठवड्यातून तीनदा बस, गुडघ्यांत वंगण संपल्यासारखी करकर, उन्हाळ्यात गंधकाची फवारणी, ऑक्टोबरात तोडणी. प्रेम नाही, आठवण नाही, निव्वळ खुन्नस. आणि गेल्या ऑक्टोबरात मंडळाच्या काट्यावर त्याचे क्रेट चढले तेव्हा पासिफीकने वरच्या घोसातला एक मणी तोडला, बोटांत चिरडला, नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "लोखंडाचा वास येतोय." काट्याभोवतीची माणसं हसली. कोझिमोने त्या रात्रीच नव्हे, पुढे कित्येक दिवस आपले तळहात हुंगून पाहिले. साबणाचा वास येत होता. साबणाच्या खाली काय आहे ते कळत नव्हतं.

मंडळाचं कार्यालय तळघराच्या तोंडाशीच होतं. आत ओर्नेल्ला, मंडळाची सचिव, शार्रेरच्या घरातली सून, कागदांना पंच मारत होती. आंबलेल्या रसाचा थंड वास पायऱ्यांवरून वर येत होता. येताना बसमध्ये कोझिमोने बरीच वाक्यं जुळवली होती, पण तोंड उघडल्यावर वेगळंच काही बाहेर आलं. त्याने तिला सुटायला वाट करून दिली.

"लेबल छापताना चूक झालीय," तो म्हणाला. "एक नाव राहिलंय."

ओर्नेल्लाने पंच खाली ठेवला. बिचारी 'हो' म्हणू शकली असती. "चूक नाही, सिन्योर फझारी," ती म्हणाली. "ठराव झाला होता, जानेवारीत. सभेचं पत्र तुम्हाला गेलं होतं."

गेलं होतं. पाकिटावर 'लेओन्तीन पेरोन यांचे पती' असं लिहिलं होतं, आणि त्याने ते न फोडता केराच्या पिशवीत टाकलं होतं.

"कसला ठराव?"

"फझारी हे नाव घालायचं की नाही. हात वर करून मतं घेतली. बाजूने एक, विरोधात एकवीस." ती आकडे सांगतानाही खाली बघत होती. "तुम्ही असता तर कदाचित..."

"तर दोन झाले असते," तो म्हणाला. "तो एक कोण?"

"सगळ्यांच्या समोरच झालं ना. कुणालाही विचारा."

"तुम्हाला विचारतोय मी."

"मी लिहीत होते खाली मान घालून," ओर्नेल्ला म्हणाली, आणि पंच पुन्हा उचलला.

मळ्याची वाट चढताना त्याला एकवीस माणसांचा त्रास होत नव्हता. एकवीस माणसांनी त्याला बरंच वाटलं होतं, खरं तर. इतकी वर्षं जे नुसतं वास आल्यासारखं जाणवत होतं ते कुणी तरी मोजून, लिहून, सही करून दिलं होतं. त्रास त्या एकाचा होता. बावीसच्या बावीस असते तर त्याला कसं ऐसपैस बसता आलं असतं आपल्या रागात. आता त्या रागाला कुठे तरी एक फट पडली होती आणि तिच्यातून वारा येत होता. कोण असेल? एउलाली ग्राँज, म्हातारी? तिच्या घरी त्याने एकदा गॅसचा सिलिंडर वाहून नेला होता, आणि तिने दारातच घेतला होता, आत ये म्हणाली नव्हती. बियोनाझ? तो प्यालेला असला तर कुठल्याही ठरावाला हात वर करतो. द्यूकच्या दोघा भावांपैकी कुणी? त्याने एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि प्रत्येकाला त्या हाताबद्दल माफ करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याला किळस आली. त्या माणसाची नव्हे, माफ करणाऱ्या स्वतःची. त्याला कुणाचा चांगुलपणा नको होता. चांगुलपणा आला की परत हसायचं, परत आभार मानायचे, परत दाराबाहेर उभं राहून पायपुसण्यावर बूट घासायचे.

वरच्या टप्प्यावर खोपटं होतं. दार लावलेलं, कडीला तार. त्याने तार सोडली, छाटणीची कात्री बाजूला सारली आणि करवत घेतली. चार टप्पे मळा होता. दगडी ताली, त्यांवर ठेंगणे मांडव, मांडवाखाली वाकून काम करून करून लेओन्तीनची पाठ शेवटी शेवटी सरळ होत नसे. या वेली आन्सेल्मने लावलेल्या, कोझिमोच्या मांडीएवढ्या जाड, साल सुटलेली. फेब्रुवारीत त्याने स्वतः त्या छाटल्या होत्या, दोन डोळे ठेवून, तिरक्या कापून, आणि वेताच्या काडीने मांडवाला बांधल्या होत्या. पहिल्या वेलीला त्याने करवत लावली. इतक्या दिवसांनी खांद्यांना आपलं काम सापडल्यासारखं झालं. करवतीचा आवाज, श्वास, करवतीचा आवाज. वेल खाली पडली नाही, मांडवाला बांधलेली होती म्हणून तशीच लटकत राहिली, आणि बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर पाणी आलं. आधी ओलसर झालं, मग थेंब धरला, मग ठिबकू लागलं, मातीत लहानसा काळा डाग पडला. मार्चच्या शेवटी मुळांतून पाणी वर चढतं, हे त्याला लेओन्तीननेच सांगितलं होतं. तो दुसरीकडे वळला. तिसरीकडे. आता त्याच्या मनात कुणीच नव्हतं, पासिफीक नाही, एकवीस नाहीत, एकही नाही. भट्टीवर आठ तासांच्या पाळीत सहाव्या तासाला असं व्हायचं, माणूस नुसता हात उरायचा. अकरावी वेल कापून तो सरळ झाला तेव्हा मागे सगळीकडे टप् टप् होत होतं, बारीक, प्रत्येकीचा ठेका वेगळा, आणि खालच्या वाटेवर काठीचा आवाज.

पासिफीक पेरोन त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याचा एक खुबा गेल्या वर्षी बदललेला होता. डॉक्टरने त्याला चढ बंद केला होता. तो टप्प्याच्या कडेला येऊन उभा राहिला, तोंड उघडं, चेहरा राखेसारखा. त्याने बुंधे पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"थांबलास का?" शेवटी तो म्हणाला. "चालू दे."

"ओर्नेल्लाने फोन केला वाटतं."

"चालू दे म्हणतोय ना."

"तुझ्या बापाने लावलेल्या आहेत," कोझिमो म्हणाला. दुखवायलाच म्हणाला.

"मला सांगतोस? खड्ड्यांत रोपं धरायला मी होतो इथे, नऊ वर्षांचा. तू तेव्हा कालाब्रियात शेंबूड पुसत होतास." पासिफीक तालीच्या दगडावर टेकला, पाय लांब करून. "सभेला का आला नाहीस?"

"नवरा म्हणून बोलावलंत मला. लेओन्तीन पेरोनचा नवरा."

"मग कोण होतास तिचा? आचारी?"

"दोन वर्षं मी राबतोय इथे. एकट्याने. तुमच्यातला एक माणूस आला नाही."

"बोलावलंस कधी?"

कोझिमोने करवत दुसऱ्या हातात घेतली. "कुणाचा होता तो एक हात?"

"काय करणार आहेस? मिठी मारणार आहेस त्याला?"

"कुणाचा होता?"

पासिफीक खाली दरीकडे बघत राहिला. खालून एक ट्रक बोगद्याकडे जात होता. "माझा," तो म्हणाला, आणि लगेच काठी उचलून कोझिमोवर रोखली. "हुरळून जाऊ नकोस. तुझ्यासाठी नव्हता. तू कॉफी आणायला खाली गेला होतास इस्पितळात, तेव्हा तिने माझं मनगट धरलं. इतकं हाडाचं झालं होतं तिचं बोट. म्हणाली, जिथे जिथे माझं नाव येईल तिथे फझारी लिहायचं. शपथ घ्यायला लावली. आईची. सभेत सगळे तयार होते, लेओन्तीन पेरोन घालू म्हणाले, आपली पोर होती, गोड होती. शार्रेरच्या डोळ्यांत पाणी आलं, ढोंगी म्हातारा. मी म्हटलं, फझारी, नाही तर काहीच नाही. म्हणाले, मग मतं घे. घेतली. अठरा वर्षं अध्यक्ष आहे मी या मंडळाचा, आणि एक माणूस माझ्या बाजूने आला नाही. मी आपला बुजगावण्यासारखा हात वर करून उभा. तुझ्या नावासाठी! काय काय बोलले माहितीये बोलीत? तू असतास तर समजलंच असतं तुला."

"मला कुठे येते तुमची बोली," कोझिमो म्हणाला. जुन्या सवयीने, चेहरा कोरा ठेवून.

पासिफीक हसला. हसताना त्याला खोकला आला, आणि खोकता खोकता तो काठीने कोझिमोच्या डोक्याकडे खुणा करू लागला. "पहिल्या दिवसापासून येते! कान लाल होतात तुझे, अरे. लेओन्तीननेच दाखवलं होतं मला, टेबलाखालून लाथ मारून. बघ, आत्तासुद्धा. आम्ही तुझे कान बघायला बोलायचो."

कोझिमोने कानाला हात लावला. खरंच गरम होता. आणि मग एकेचाळीस वर्षं एकदम उलटी फिरली, एखाद्या टेबलाचा कप्पा ओढावा आणि आतलं सगळं जमिनीवर सांडावं तसं. बारशाला बोललेलं, मयताला बोललेलं, काट्यापाशी, स्मशानाच्या फाटकापाशी. पाठीमागे म्हणून त्याने जपून ठेवलेलं सगळं तोंडावर बोललेलं होतं. त्याचं गुपित कधी गुपित नव्हतंच. तो एक खेळ होता आणि सगळं घर तो खेळत होतं, त्याला सोडून. लेओन्तीनचा पाय टेबलाखाली. ती हसत होती का लाथ मारताना? की भावाला गप्प बसवत होती? ती जिवंत असताना जेवणाहून परत येताना बसमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून विचारायची, "कंटाळलास ना, काही कळत नाही तुला," आणि तो म्हणायचा, "नाही, बरं वाटतं ऐकायला." तिला माहीत होतं. माहीत असून विचारायची. कदाचित दर वेळी वाट बघायची, आज तरी सांगेल म्हणून. ती गेल्यानंतर दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिचा राग आला, खराखुरा, जिवंत माणसाचा येतो तसा, आणि तो इतका मोठा होता की त्याला बुंध्यांच्या मध्ये खाली बसावं लागलं. त्याच्या पाठीला ठिबकणाऱ्या वेलीचं पाणी लागलं. ते थंड होतं, त्याला कसलाच वास नव्हता.

पासिफीक उठला. काठी टेकत आला, त्याच्या हातातली करवत काढून घेतली आणि बाराव्या वेलीपाशी गेला, जिथे कोझिमो थांबला होता. वाकता येत नव्हतं, तरी कण्हत वाकला. जमिनीलगत करवत लावून त्याने ती वेल कापली. वेळ लागला. पाणी आलं नाही. आतलं लाकूड तपकिरी, भुसभुशीत, पुठ्ठ्यासारखं होतं.

"ही मरून तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "दोन वर्षं तू हिला छाटतोयस, बांधतोयस, गंधक मारतोयस. आम्ही खालून बघायचो. हीच एक कापायची होती, आणि नेमकी हीच ठेवलीस."

"सांगायचं होतंस."

"बोलावलंस कधी?" पासिफीक पुन्हा म्हणाला.

उतरताना पासिफीकचा खुबा दुखू लागला. त्याने न विचारता कोझिमोच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला, आणि असे ते खालपर्यंत आले, पुढचा एक शब्द न बोलता, मागचा दर पावलाला शिवी देत. शेवटची बस गेली होती. पासिफीकने त्याला गाडीतून आओस्ताला सोडलं. दारापाशी कोझिमो उतरला तेव्हा पासिफीक समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "त्या बारा जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत. कलमं मी देतो. आणि जूनमध्ये सभा आहे, लेबल पुन्हा छापायचंय. पत्र फाडू नकोस."

"येणार नाही मी," कोझिमो म्हणाला, आणि दार आदळलं. त्याने आभार मानले नाहीत. जिना चढताना त्याला त्याचं समाधान वाटलं, आणि वर पोचेपर्यंत ते संपलं.

जूनमध्ये पत्र आलं. पाकिटावर 'श्री. कोझिमो फझारी, सभासद' असं होतं. ओर्नेल्लाचं अक्षर. तो गेला. रविवार होता, प्रार्थना आटोपून माणसं थेट तळघराच्या वरच्या खोलीत आली होती, कोट घालून, घामेजलेली. तेवीस खुर्च्या होत्या. तो मागच्या रांगेत बसला तेव्हा एउलाली ग्राँजने आपली पर्स शेजारच्या खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतली. ही जागा करून देणं होतं की पर्स सांभाळणं, ते त्याला कळलं नाही. पासिफीक उभा राहून ठराव वाचत होता, बोलीत नाही, साध्या इटालियनमध्ये, शाळामास्तरासारखा. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा ठराव, नव्या लेबलवर तेविसावं नाव म्हणून फझारी घालावं. ओर्नेल्लाने दारात सांगितलं होतं, तीन महिने पासिफीक घरोघर फिरला, त्या खुब्याने. भांडला, जुनी भांडणं उकरली, द्यूकच्या धाकट्याशी बोलणंच बंद केलं होतं. "बाजूने?" पासिफीकने विचारलं. हात वर येऊ लागले. काही पटकन, कटकट संपवायला. काही डोकं खाजवल्यासारखे. शार्रेरचा सर्वांत शेवटी, कोपरात वाकलेला, लाजल्यासारखा. बावीस. ओर्नेल्लाने मोजले, लिहिले. खोलीत सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं, खुर्च्या करकरल्या. एउलालीने वळून त्याच्याकडे बघितलं, हसायच्या तयारीत.

"विरोधात?" पासिफीकने कागदाकडे बघतच, रिवाज म्हणून विचारलं.

कोझिमोने काही ठरवलेलं नव्हतं. त्याला फक्त एवढं जाणवलं की या बावीस माणसांनी आता त्याला आत घेतलं आहे, दार उघडून, कष्टाने, आणि आता आयुष्यभर त्याला कसं वाटतंय ते विचारतील. त्याचा हात वर गेला. सरळ, कोपर न वाकवता.

पुढच्या रांगेतून कुणी तरी बोलीत म्हणालं, "वेडा आहे का हा माणूस?"

"आहे," कोझिमो म्हणाला. त्यांच्याच बोलीत, मोठ्याने. त्याचा उच्चार भट्टीवरचा होता, खडबडीत, पण शब्द बरोबर होता. "मी विरोधात आहे. लिहून घ्या."

पासिफीकने मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की ओर्नेल्लाने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. त्याच्या जबड्याचा स्नायू हलत होता. तो शिवी देईल असं सगळ्यांना वाटलं. कोझिमोलाही वाटलं, आणि त्याने ती घ्यायला खांदे जरा रुंद केले.

"विरोधात एक," पासिफीक म्हणाला. "फझारी. ठराव मंजूर." त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि कागद उलटला. "ठराव पाचवा. तळघराच्या छपराची दुरुस्ती."

कोझिमोने हात खाली घेतला आणि ऐकू लागला. छपराबद्दल आपलं मत काय आहे, हे त्याने अजून ठरवलं नव्हतं.